पेट्रोल की इलेक्ट्रिक: पुण्यातल्या सोसायटीत राहून स्कूटर निवडताना

माझ्या जुन्या स्कूटरची आरसी नोव्हेंबर 2025 मध्ये पंधरा वर्षांची होणार होती. पुढे चालवायची तर आरटीओत तपासणी, पुनर्नोंदणीचं शुल्क, वर हरित कर. त्यात इंजिन तेल पीत होतं आणि पावसात सुरू व्हायला नखरे करत होतं. तेव्हा ऑगस्टमध्येच ठरलं की आता नवीन. त्याच सुमारास माझ्या नणंदेलाही स्कूटर घ्यायची होती, म्हणून आम्ही दोघींनी मिळून शोध सुरू केला. शेवटी मी इलेक्ट्रिक घेतली, तिने पेट्रोल. हिशोबाची वही एकच होती आणि दोघींचेही निर्णय बरोबर आहेत असं मला आजही वाटतं. ते का, हे सविस्तर लिहिते, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा सापडलेलं बहुतेक लिखाण कुठल्या तरी एका बाजूचा झेंडा घेऊनच लिहिलेलं होतं.

सुरुवात गाड्या बघण्यापासून केली नाही, ओडोमीटरपासून केली. दोन आठवडे रोज रात्री आकडा लिहून ठेवायचा, बस. माझं घर सिंहगड रस्त्याच्या बाजूला आणि ऑफिस शिवाजीनगरला. जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर, वर भाजी, क्लास, बँक. महिन्याला साधारण सहाशे. नणंद घरून काम करते, तिचं महिन्याला दोनशेही होत नाही. हा आकडा हातात नसेल तर शोरूममध्ये पाऊल टाकू नका, कारण तिथे गेल्यावर बोलणं टचस्क्रीन आणि डिकीतल्या लाइटवर जातं.

वहीतलं पहिलं गणित असं. पुण्यात तेव्हा पेट्रोल एकशे चारच्या आसपास. सव्वाशे सीसीची स्कूटर शहराच्या गर्दीत लिटरला चव्वेचाळीस-पंचेचाळीस देईल असं धरलं, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या थोडं वर. इलेक्ट्रिकचं गणित करताना एक खाच असते. एक किलोवॅट-अवर म्हणजे एक युनिट, पण बॅटरी 3 किलोवॅट-अवरची असली तरी ती भरायला भिंतीतून तीनपेक्षा जास्त युनिट जातात. चार्जरमध्ये आणि बॅटरीत थोडी वीज उष्णता होऊन जाते. आम्ही शंभर किलोमीटरला पावणेचार-चार युनिट धरले आणि युनिट बारा रुपयांना. किलोमीटरला पन्नास पैशांच्या आत. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणून स्वतःच्या बिलावर आपण कोणत्या टप्प्यात आहोत ते बघून घ्या. आमचा वापर आधीच शंभर ते तीनशेच्या मधला, स्कूटरने त्यात वीस-पंचवीस युनिटांची भर पडणार, टप्पा बदलणार नव्हता. तीनशेच्या काठावर असाल तर वाढीव युनिट पुढच्या, महागड्या दराने येतील.

म्हणजे मला महिन्याला अकराशे-साडेअकराशे वाचणार, नणंदेला साडेतीनशे. तिचा अर्धा निर्णय इथेच झाला होता, फक्त तिला तो तेव्हा मान्य नव्हता. तिला शांत गाडी हवी होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चाचणी फेऱ्यांना निघालो. पितृपंधरवडा होता. शोरूम रिकामे, विक्रेते निवांत, आणि गाडी अर्धा-पाऊण तास फिरवू देतात. हा काळ खरेदीला वर्ज्य मानणारे मानोत, चौकशीला यासारखा मुहूर्त नाही. आयक्यूब, चेतक आणि एथर अशा तीन इलेक्ट्रिक चालवल्या; पेट्रोलमध्ये अ‍ॅक्टिव्हा आणि अ‍ॅक्सेस. कुठलीच वाईट नव्हती. आयक्यूबची मोटर मागच्या चाकातच बसवलेली आहे, एथरची मोटर मध्यभागी असून चाकाला पट्ट्याने जोडलेली. चालवताना हा फरक खड्ड्यात आणि चढावर थोडा जाणवतो, पण लोक जितकी चर्चा करतात तितका नाही.

फेरीला जाताना मागे कुणाला तरी बसवा. एकट्याने सपाट रस्त्यावर चालवली की सगळ्याच गाड्या आवडतात. मी नणंदेला बसवून उड्डाणपुलाच्या चढावर मध्येच थांबून परत निघून बघितलं, यू-टर्न घेतला, आणि पार्किंगमध्ये गाडी मुख्य स्टँडवर लावली. इलेक्ट्रिक गाड्या वजनाने जड लागतात. माझी उंची पाच फूट एक, त्यामुळे हे मला महत्त्वाचं होतं. रिव्हर्सची सोय मला आधी थिल्लर वाटली होती. आमच्या पार्किंगचा उतार आठवल्यावर मत बदललं.

पल्ल्याबद्दल प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: जाहिरातीतला आकडा सोडा, दोन माणसं, शहर, मधला मोड, किती? माहितीपत्रकातला पल्ला प्रमाणित चाचणीतला असतो, ठरावीक वेगाच्या चक्रावर मोजलेला. रस्त्यावर त्याच्या सत्तर-पंचाहत्तर टक्के धरून चालावं. मला रोज पंचवीस लागतात, त्यामुळे खरा पल्ला ऐंशी असला काय आणि शंभर असला काय, एक दिवसाआड चार्जिंग पुरतं. मोठ्या बॅटरीसाठी वीस हजार जास्त मोजायचे नाहीत हे तिथेच ठरवलं.

बॅटरीची वॉरंटी मात्र बारकाईने वाचली. वर्षं आणि किलोमीटर ठळक छापलेले असतात. खाली बारीक अक्षरात क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून मिळेल ते असतं. बहुतेक ठिकाणी सत्तर टक्के. काही ठिकाणी तो आकडाच नसतो, फक्त ‘उत्पादनातील दोष’ असं लिहितात, आणि क्षमता हळूहळू घटणं दोषात बसत नाही. वाढीव वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का, हेही विचारा. जुनी विकताना त्याचेच पैसे येतात.

या सगळ्यात 22 सप्टेंबरला घटस्थापना आणि जीएसटीचे नवे दर एकाच दिवशी आले. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर 28 वरून 18 टक्के झाला, इलेक्ट्रिकचा 5 टक्के होता तो तसाच राहिला. नणंद आधीच कोटेशन घेऊन बसली होती. तिची पेट्रोल स्कूटर ऑन-रोड साडेसात-आठ हजारांनी खाली आली, एक लाख सातच्या आसपास. माझ्या इलेक्ट्रिकचं कोटेशन एक लाख बत्तीस. त्यात महाराष्ट्रातली मोटर वाहन करमाफी धरलेली होती आणि पीएम ई-ड्राइव्ह योजनेतलं अनुदानही. हे अनुदान आधी किलोवॅट-अवरला 5,000 रुपये होतं, एप्रिल 2025 पासून ते 2,500 झालं, आणि एका दुचाकीला जास्तीत जास्त 5,000. कुणी अजूनही दहा हजारांच्या अनुदानाच्या गोष्टी सांगत असेल तर ती जुनी बातमी आहे.

फरक पंचवीस हजारांचा. त्यात चार्जिंग पॉइंटचा खर्च मिळवला की बत्तीस-तेहेतीस. मला तो अडीच वर्षांच्या आत वसूल होत होता, सर्व्हिसिंगचा फरक न धरताही. नणंदेला सात वर्षांहून जास्त लागली असती. शिवाय ती भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, पार्किंग रस्त्यावर, चार्जिंगला जागाच नाही. काढता येणाऱ्या बॅटरीची एक गाडी आम्ही बघितली. बॅटरी हातात घेऊन तिने जिन्याकडे बघितलं आणि विषय संपला. दसऱ्याला तिने पेट्रोलची स्कूटर घरी आणली.

माझी खरी लढाई सोसायटीत होती. आमची इमारत जुनी, सहा मजली, खाली स्टिल्ट पार्किंग, आणि तोवर एकही इलेक्ट्रिक गाडी नव्हती. गणपतीच्या आधी मी सेक्रेटरी काकांना चार्जिंग पॉइंटबद्दल सहज विचारलं तर ते म्हणाले, “अर्ज द्या, बघू.” ‘बघू’ म्हणजे काय ते सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको. अनंत चतुर्दशी होऊन मंडप उतरेपर्यंत कमिटीची बैठक होणार नव्हतीच, म्हणून तो वेळ मी अर्ज नीट करण्यात घातला.

अर्ज एका पानाचा ठेवला, जोडलेली कागदपत्रं जास्त. पार्किंग वाटपाच्या पत्राची प्रत. माझ्या वीजबिलाची प्रत, मंजूर भाराच्या आकड्याखाली रेघ मारून. परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराने हाताने काढलेला आराखडा: तळमजल्यावरच्या मीटर रूममधल्या माझ्याच मीटरवरून केबल निघणार, छताला धरून पाइपातून माझ्या पार्किंगच्या खांबापर्यंत येणार, तिथे कुलपाची पेटी. म्हणजे वीज सोसायटीची नाही, माझ्या बिलात. आणि शेवटी दोन ओळींचं हमीपत्र, की काम, देखभाल आणि काही नुकसान झाल्यास जबाबदारी माझी.

नियमांचा आधार दिला, पण धमकीच्या सुरात नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घरच्या चालू वीजजोडणीवर वाहन चार्ज करता येतं असं म्हटलं होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली, त्यानुसार चार्जिंगसाठी हवी तर वेगळी जोडणीही मागता येते. मी वेगळी मागितली नाही. एका स्कूटरसाठी दुसरं मीटर म्हणजे दुसरा स्थिर आकार, दर महिन्याला. कार असती तर विचार केला असता.

बैठकीत तीन आक्षेप आले. पहिला, आग लागली तर? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका; 2022 च्या उन्हाळ्यातल्या जळत्या स्कूटरचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले आहेत. मी सांगितलं की त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक झाले, एआयएस-156 या मानकाचे सुधारित टप्पे डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अखेर लागू झाले, आणि मी जी गाडी घेतेय ती त्यानंतरची आहे. पेटीत एमसीबीबरोबर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा आपोआप बंद. पार्किंगमध्ये एक अग्निशामक सिलिंडर मी स्वखर्चाने लावते असंही कबूल केलं. तो तसाही असायला हवा होता, तिथे पंधरा-वीस पेट्रोलच्या टाक्या उभ्या असतात.

दुसरा आक्षेप इमारतीवर भार येईल हा. चार्जर एक किलोवॅटच्या आतला, बाथरूमचा गीझर दोन किलोवॅटचा. एवढं म्हटल्यावर खजिनदार काकू स्वतःच म्हणाल्या, “मग तर सकाळी सगळे गीझर एकदम चालतात ते कसं चालतं?” तो मुद्दा तिथे मिटला. तिसरा आक्षेप होता, उद्या सगळेच मागतील. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ते द्यायचा प्रयत्नही केला नाही.

मंजुरीचं पत्र मिळायला आणखी आठवडा गेला, सह्या करणारे एक सदस्य गावी गेले होते. तेवढ्यात तोंडी होकारावर काम सुरू करा असं दोघांनी सुचवलं. मी थांबले. केबल टाकल्यावर कुणी हरकत घेतली असती तर पैसे माझेच गेले असते.

प्रत्यक्ष काम अर्ध्या दिवसाचं. तीन कोरची तांब्याची केबल, अडीच चौरस मिलिमीटरची. सोळा अँपिअरचा सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर, कारण मोठ्या पावसात आमच्या पार्किंगमध्ये पाणी येतं. अर्थिंग तपासून घेतलं आणि ते माझ्यासमोर मोजायला लावलं. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार असते, पण ती पुढे कुठे जाते हे कुणालाच माहीत नसतं. अर्थिंग नीट नसेल तर बऱ्याच गाड्यांचे चार्जर सुरूच होत नाहीत. सगळे मिळून साडेसात हजारांच्या आसपास गेले. घरातून खिडकीबाहेर एक्स्टेन्शन सोडून चार्ज करणारे मी पाहिलेत. चार-पाच तास सलग चालणाऱ्या उपकरणाला साधं एक्स्टेन्शन तापतं, ते करू नका.

पॉइंट झाल्यावरच बुकिंग केलं, सप्टेंबरच्या शेवटी. दसऱ्याला गाडी मिळणार नाही हे विक्रेत्याने लगेच सांगितलं. चीनने एप्रिल 2025 मध्ये दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते, मोटरीत तीच चुंबकं लागतात, आणि त्याचा परिणाम उत्पादनावर झाला होता. दसऱ्याची मागणी आणि तोकडा पुरवठा एकत्र आले. ‘दोन-तीन आठवडे’ असं पावतीवर लिहून घेतलं.

कोटेशनच्या कागदावर ‘हॅन्डलिंग’ नावाची एक ओळ होती. हे कशाचे, असं विचारल्यावर ती निघाली. अ‍ॅक्सेसरीजचा संच ‘सगळे घेतात’ म्हणून लावलेला होता, त्यातलं फक्त पायपुसणं आणि गार्ड ठेवलं. विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नसते. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतोच. इलेक्ट्रिकचा हप्ता मोटरीच्या किलोवॅटवर ठरतो आणि सारख्या पेट्रोल गाडीपेक्षा थोडा कमी असतो. स्वतःच्या नुकसानीचा भाग मी बाहेरून किंमत काढून आणला, ती दाखवल्यावर त्यांनीही तेवढ्यालाच दिला. बॅटरी पाण्याने बिघडली तर ती पॉलिसीत बसते का, हे लेखी विचारलं. पुण्यात राहून हा प्रश्न न विचारणं शक्य नव्हतं.

मी गाडी घेतली तेव्हा अनुदानासाठी आधारची पडताळणी व्हायची. गाडीची बिलं झाली की ई-व्हाउचर तयार व्हायचं, त्याची लिंक मोबाइलवर यायची, त्यावर सही करून विक्रेत्याकडे द्यायचं, आणि गाडीसोबत फोटो. अनुदान आपल्या खात्यात यायचं नाही, बिलातूनच वजा व्हायचं. एका आधारवर एकच गाडी. माझ्या आधारला जोडलेला नंबर चालू होता म्हणून पाच मिनिटांत झालं. माझ्याआधीच्या आजोबांचा नंबर बंद झालेला होता, त्यांना आधार केंद्रावर जाऊन यावं लागणार होतं. अनुदान चालू असेल तर जाण्याआधी हे तपासून ठेवा.

नोंदणी विक्रेत्याकडूनच होते. इलेक्ट्रिक वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राचं शुल्क केंद्राने 2021 मध्येच माफ केलेलं आहे, त्यामुळे त्या नावाने रक्कम लावलेली दिसली तर पावती मागा. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असलेला नंबर लागल्याशिवाय गाडी न्यायची नाही असं मी ठरवलं होतं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मिळाली.

जुनी स्कूटर तिथेच एक्स्चेंजला दिली, पण त्याआधी तिला नवी सुरक्षित नंबरप्लेट बसवावी लागली. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना ती सक्तीची आहे आणि तिच्याशिवाय आरटीओतलं हस्तांतर अडतं. तेव्हा दुचाकीला कर धरून 531 रुपये. वेळ ऑनलाइन घ्यायची, आणि ती लगेच मिळत नाही. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, ताबा दिल्याची तारीख-वेळ असलेली पावती घेतली आणि आरसीवरचं नाव बदलेपर्यंत दर आठवड्याला परिवहनच्या साइटवर बघत राहिले. नाव बदललं नाही तोवर चलन आपल्याच मोबाइलवर येतं. भंगारात दिली असती तर नव्या गाडीच्या करात सवलतीचं प्रमाणपत्र मिळालं असतं. पण इलेक्ट्रिकला कर मुळात नाही, मग सवलत कशात घेणार!

आता काही महिने झाले. खरा पल्ला नव्वदच्या आसपास पडतो, नवरा मागे बसला की ऐंशीच्या जवळ. थंडीत सकाळी थोडा कमी. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर उतारावर रीजेन (वेग कमी करताना मोटरीने वीज परत बॅटरीत भरणं) फारसं काम करत नाही, तेव्हा पहिल्या दोन किलोमीटरला ब्रेक जास्त दाबावा लागतो. हे कुणी सांगितलं नव्हतं. वीजबिलात तीनशे रुपयांच्या आत वाढ झाली. आवाज नसल्यामुळे गल्लीत लोक समोरून बाजूला होत नाहीत, हॉर्न पूर्वीपेक्षा जास्त वाजवते, ते मला आवडत नाही. पीयूसीची कटकट नाही, तेल बदलणं नाही. मात्र गाडीत काही बिघडलं तर कोपऱ्यावरचे मेकॅनिक दादा हात लावत नाहीत, अधिकृत केंद्रातच न्यावी लागते आणि तिथे शनिवारी रांग असते. साताऱ्याला माहेरी जायचं तर नवऱ्याची मोटारसायकल किंवा एसटी. घरात पेट्रोलची एक गाडी असल्यामुळे माझा निर्णय सोपा झाला, हेही सांगायला हवं. एकच वाहन असतं तर मी कदाचित नणंदेच्या बाजूला गेले असते.

दरम्यान सोसायटीत आणखी दोन अर्ज आलेत. प्रत्येकाने मीटर रूममधून आपापली केबल ओढायची की चार्जिंगसाठी एक सामाईक जोडणी घेऊन प्रत्येकाला सबमीटर द्यायचा, यावर कमिटीत मतभेद आहेत. सेक्रेटरी काकांनी माझा अर्ज नमुना म्हणून फाइलला लावलाय आणि विषय वार्षिक सभेपुढे ठेवायचं ठरवलंय.